लष्करातल्या बिघाडांचे ऋतू

आमच्या सराफ्यात कॉम्प्युटर बंद पडला की दोष व्हायरसच्या माथी मारायचा, ही रीत नव्वदच्या दशकाच्या शेवटी पडली आणि अजून सुटलेली नाही. सेठजी कॅबिनेट चादरीत गुंडाळून नोकराबरोबर पाठवायचे आणि निरोप ठरलेला: "भैया, वायरस आ गया है, निकाल दो." मी स्क्रू काढण्याआधी विचारायचो, सकाळी बंद पडतं की दुपारी? नोकराला वाटायचं, हे काका कुंडली मांडतायत. पण ग्वाल्हेरच्या मशीनचं निम्मं निदान त्या उत्तरातच असायचं.

दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला, तळाचं शहर झालं आणि त्याचं नाव लष्करच राहिलं. महाराज बाड्याला लागूनच हा सराफा. १८५८ च्या जूनमध्ये झाशीच्या राणीच्या फौजेसाठी रियासतीचा खजिना उघडला म्हणून अमरचंद बांठियांना इथेच कडुलिंबाच्या झाडावर फाशी दिलं. पाहुण्यांना आम्ही ती गोष्ट सांगतो. माझी त्यामानाने फारच किरकोळ.

आजोबा सोनारकाम करायचे. १९६३ च्या जानेवारीत मोरारजी देसाईंचं सुवर्ण नियंत्रण आलं आणि १४ कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. बावीस कॅरटच्या बांगड्यांशिवाय लग्न न ठरवणाऱ्या गावात १४ कॅरट घेणार कोण? देशभर सोनारांच्या भट्ट्या थंडावल्या. पुढे बंधनं थोडी सैल झाली, मग १९६८ चा कायदा आला, आणि तो रद्द झाला थेट १९९० मध्ये, मधु दंडवते अर्थमंत्री असताना. तोवर आमच्या वडिलांनी बारीक डाक लावायचा हात रेडिओकडे वळवला होता, रेडिओवरून टीव्हीकडे. मी त्याच टेबलावर कॉम्प्युटर उघडले.

ते कॉम्प्युटर बहुतेक असेंबल्ड. सुटे भाग दिल्लीच्या नेहरू प्लेसहून यायचे, सकाळच्या गाडीने जायचं आणि रात्री पिशवी मांडीवर घेऊन परतायचं. घरी मुलाच्या अभ्यासासाठी घेतलेलं मशीन दिवसभर दुकानात हिशेब लिहायचं आणि रात्री गेम खेळायचं. त्यामुळे त्याच्यावर दोन्हीकडचे अत्याचार.

सगळ्यात मोठा अत्याचार विजेचा. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड वेगळं झालं आणि कोरब्याची वीजकेंद्रं तिकडे गेली. पुढची तीन वर्षं मध्य प्रदेशाने जे भोगलं त्याचा हिशेब २००३ च्या निवडणुकीत दिग्विजय सिंहांना द्यावा लागला. आमच्या धंद्याने मात्र त्याच वर्षांत बाळसं धरलं, हे कबूल करायला हवं. लाइट गेली तर विंडोज अठ्ठ्याण्णव चालू झाल्यावर निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क फिरवत बसायचं, एवढंच. खरा मार लाइट येताना बसायचा. गल्लीतले सगळे कूलर, पंप एकदम सुरू होत, दाब खाली-वर हिंदकळे आणि मशीनला वीज पुरवणारा स्वस्तातला एसएमपीएस ते निमूट गिळून आत बिघडत राही. तो एका झटक्यात मेला असता तर बरं. तो अर्धमेला राहायचा. बारा व्होल्टच्या तारेवर किमान ११.४ हवेत, मशीन रिकामं असताना तेवढे मिळत, आणि गेम सुरू झाला की काटा खाली आणि मशीन रीस्टार्ट. म्हणून मीटर लावायचा तो मशीनला कामाला जुंपून.

दुसरं अर्थिंग. जुन्या वाड्यांमध्ये तीन भोकांचे सॉकेट असत, पण तिसऱ्या भोकामागे तारच नसे. एसएमपीएसच्या तोंडाशी गाळणीसाठी दोन छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोघांना कॅबिनेटच्या पत्र्याशी जोडतात. पत्र्याला जमीन मिळाली नाही की त्यावर मेन्सच्या निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब उभा राहतो. प्रवाह अगदी थोडा, म्हणून फक्त मुंग्या येतात. "वहिनी म्हणतात, कॉम्प्युटर चावतो," असं सांगत आलेल्या गिऱ्हाइकाला मी प्रिंटरची केबल मशीन चालू असताना काढू-घालू नकोस एवढंच आधी बजावायचो. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डाही सुकून जातो. त्यात मीठ आणि घागरभर पाणी ओतलं की कित्येक 'व्हायरस' गेलेले मी पाहिलेत.

आणि ऋतू. मे-जूनमध्ये पारा ४५ च्या वर, लू चालते, आणि चंबळकडची ती पिठासारखी धूळ प्रोसेसरच्या हीटसिंकमध्ये गादी करून बसते. मशीन सुरू होतं, वीस-पंचवीस मिनिटांनी थिजतं. कॅबिनेट उघडून टेबलफॅन लावला आणि चाललं, की प्रश्न मिटला: ब्रश, नवी थर्मल पेस्ट, दोनशे रुपये.

जानेवारीतलं दुखणं उलटं असे, आणि मला ते जास्त आवडायचं. सकाळच्या धुक्यात मशीन सुरूच होत नाही. पाच-सहा वेळा बटण दाबल्यावर कसंबसं उठतं आणि मग दिवसभर छान चालतं. हे कपॅसिटरचं काम. १९९९ पासून पुढे काही वर्षं तैवानच्या अनेक कारखान्यांतून वाईट इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर बाहेर पडले. त्यातलं पाणी ॲल्युमिनियमला खाई, आत वायू साठे आणि डोक्यावरची फुलीची खाच फुगून वर येई. मोठमोठ्या कंपन्या त्यात सापडल्या. एकट्या डेलने २००५ मध्ये त्यापायी तीस कोटी डॉलर बाजूला काढले. म्हातारा कपॅसिटर थंडीत आणखी आडमुठा होतो, गरम झाला की चालतो. मी हेअर ड्रायरची ऊब प्रोसेसरशेजारच्या रांगेला द्यायचो. मशीन पहिल्याच दाबात उठलं की वडिलांची डाक लावायची सवय कामी यायची. १०५ अंशांचे, कमी रोधाचे नवे कपॅसिटर लावले की तोच बोर्ड पुढची काही वर्षं कुरकुर न करता चालायचा.

पावसाळा रॅमचा. लांब लांब बीप वाजतात, पडदा काळा. जुन्या रॅमच्या पट्ट्यांवर कधी सोन्याचा मुलामा असे, कधी कथलाचा, आणि सॉकेटचंही तसंच. सोनं कथलाला टेकवलं की सूक्ष्म हालचालीने कथलाचा गंज सोन्यावर चढतो आणि मशीन अधूनमधून चुकीचं वाचू लागतं. सराफ्यात हे समजावून सांगायला कष्ट पडले नाहीत. खोडरबर फिरवायचा, पुसायचं, पट्टी परत बसवायची. मग मेमटेस्ट रात्रभर चालवायचा. एक लाल ओळ आली तरी पट्टी बाद.

गिऱ्हाइकाला ही बाद करण्याची भाषा पटत नसे. "एकदाच तर झालं, बघू या." मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये सुमारे दहा लाख घरगुती मशीनच्या नोंदी तपासल्या, त्यात निघालं ते हेच, की हार्डवेअरमुळे एकदा कोसळलेलं मशीन पुन्हा कोसळण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते. शिवाय २००१ च्या विंडोज एक्सपीने पुरावाच लपवला: गंभीर चूक झाली की मशीन निळा पडदा दाखवत थांबण्याऐवजी आपोआप रीस्टार्ट व्हायचं. दुकानात आलेल्या प्रत्येक मशीनवर ते सेटिंग आधी बंद करायचं, आणि मग त्या पडद्यावरचा आकडा लिहून घ्यायचा.

बाकी रीत आजोबांचीच. कसोटीवर अनोळखी सोन्याची रेघ ओढायची, शेजारी माहितीतल्या सोन्याची, आणि दोन्ही ताडून पाहायच्या. माझ्या खणात खात्रीचा एक एसएमपीएस, एक रॅम, एक ग्राफिक्स कार्ड असे. एका वेळी एकच बदलायचं. दोन गोष्टी एकदम बदलून मशीन चाललं तर मेकॅनिकला पैसे मिळतात, पण कळत काही नाही.

हल्ली ऋतूंचा जोर कमी झालाय. एसएसडीला लाइट जाण्याचं पूर्वीइतकं भय नाही, कपॅसिटर घन पॉलिमरचे झाले, लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरचं प्रकरण झालं: चिप स्वतःच गरजेपेक्षा जास्त दाब मागून घेत होती आणि झिजत होती. ऑगस्टमध्ये मायक्रोकोडचा उतारा आला, पण आधीच झिजलेली चिप त्याने बरी होत नाही. असल्या दुखण्यावर ना हेअर ड्रायर चालतो, ना मिठाचं पाणी.

मेलेल्या बोर्डांसाठी सराफ्याच्या मागच्या गल्लीतला एक झारेकरी अधूनमधून येतो. दुकानांची केरधूळ धुऊन सोनं काढणं त्याचा बापजाद्यांचा धंदा. आता रॅमच्या कडांवरचा मुलामा त्याला दिसतो. भाव बरा देतो. मी देत नाही, कारण तो तेजाबात उकळतो आणि तो धूर आमच्याच गल्लीत राहतो. बोर्ड माळ्यावर पडून आहेत, आणि दर जूनला त्यातून एखादी हीटसिंकची क्लिप लागतेच.