तंबोरा आणि 'अँबियंट' संगीत

'अँबियंट म्युझिक' हा शब्द मला साठी उलटल्यावर कळला. खोलीत भरून राहणारं, लक्ष दिलं तर दिलं, नाही तर नाही, असं संगीत. हे कुणी समजावून सांगितलं की आपल्यातला एक जण हमखास म्हणतो, "यात नवीन काय? आमचा तंबोरा तेच तर करतो!" मीही तसंच म्हणालो होतो. नंतर थोडा इतिहास वाचला आणि जीभ चावली.

हे नाव रूढ केलं ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकाराने, १९७८ च्या 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' या ध्वनिमुद्रिकेपासून. त्याची युक्ती घरीही करता येण्यासारखी. टेपचा तुकडा कापायचा, दोन्ही टोकं चिकटवून माळ करायची, म्हणजे त्यावरचा स्वर पुन्हा पुन्हा वाजत राहतो. अशा कमी-जास्त लांबीच्या माळा एकदम सुरू केल्या की स्वर दरवेळी नव्या रीतीने एकमेकांत मिसळतात. पुढे माणसाला काही करावं लागत नाही.

तंबोऱ्याचं तसं नाही. मिरजेत एकोणिसाव्या शतकात, पटवर्धनांच्या संस्थानात, हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेब तंतुवाद्यं बनवू लागले. पंढरपूरकडचा भोपळा, तुणाचं लाकूड. ती परंपरा आजही चालू आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. खरी करामत जवारीत. घोडीचा माथा किंचित उतरता घासतात आणि तारेखाली सुती दोरा सरकवतात. नेमकी जागा सापडली की तार झणझणते, आणि खर्जाच्या तारेतून कुणी न छेडलेला गंधार ऐकू येतो. मालकंस गायचा तर पहिली तार पंचमाऐवजी मध्यमात लावायची. मग मणी सरकवून बारीक फरक काढायचा. हवा बदलली की पुन्हा पहिल्यापासून. आमच्या बुलढाण्याकडच्या मे महिन्यात तर विचारूच नका!

मिरजेलाच स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ किराणा घराण्याचे. त्याच घराण्यातल्या अब्दुल वहीद खाँचे शिष्य पं. प्राणनाथ १९७० साली न्यूयॉर्कला गेले. तिथले संगीतकार ला माँट यंग त्यांचे शिष्य झाले आणि तंबोरा जुळवायला शिकले. पण लांबच लांब स्वरांच्या रचना यंग त्याआधीपासूनच करत होते. त्यांची एक रचना ईनोने विद्यार्थिदशेत वाजवली होती. म्हणजे धागा आहे. पण 'त्यांनी आपलंच उचललं' म्हणण्याइतका सरळ नाही.

१९७९ मध्ये बंगळुरूचे अभियंते जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा केला. लहान गावात एकट्याने शिकणाऱ्याला त्यामुळे सुरात बसता आलं, हे उपकार मोठेच. आता तर तो मोबाइलमध्येही मिळतो. एकदा लावला की अखंड वाजतो, ईनोच्या माळांसारखा.

आमच्या घरी हिचा मिरजेचा तंबोरा आहे. ही रियाजाला बसायची तेव्हा निम्मा वेळ जुळवण्यातच जायचा. मी चिडायचो, "गाणार कधी?" ही म्हणायची, "ऐकतेय ना." तेव्हा मला ते उत्तर वाटलंच नाही. ही गेल्यापासून तंबोरा खोळीत आहे. सकाळी मी मोबाइलवरचा तंबोरा लावून पेपर वाचतो. घर सुनं वाटत नाही, एवढंच. अँबियंट संगीत घरी करतो तो मी. ही करायची ते निराळं होतं. त्यात कान क्षणभरही सुटा ठेवता येत नव्हता.

असो. परवा खोळ काढली. दोन तारा तुटल्यात. मिरजेहून मागवल्या आहेत. गाता येत नाही. जुळवता येतो का, बघू.