पट्टे आणि पायरी

कोट काढू नका. लंडन आहे, २ फेब्रुवारी १९०३. युनिव्हर्सिटी कॉलेजच्या व्याख्यानगृहात साठेक विद्यार्थ्यांमागे तुम्ही दाटीवाटीने बसलात. समोर फळीवर एक तपकिरी टेरियर उताणा बांधलाय. चारही पाय जखडलेले, तोंडाला मुसकं, गळा चिरलेला. प्राध्यापक बेलिस त्याच्या लाळग्रंथीकडे जाणारा मज्जातंतू विजेच्या झटक्यांनी चेतवतायत. दोन स्वीडिश तरुणी सगळं डोळ्यांत साठवून घेतायत.

कुत्र्याचं अंग हललं. भूल दिली होती का? बेलिस म्हणतील, पुरेपूर. तरुणी म्हणतील, वाससुद्धा आला नाही. नोव्हेंबरात बदनामीचा खटला उभा राहील आणि बेलिसना २,००० पौंड भरपाई मिळेल. साक्षीदार रांगेने येतील. कुत्रा मात्र त्याच दिवशी संपलेला.

आता अटलांटा, एमोरी विद्यापीठ, २०१२. एमआरआय यंत्राचा खडखडाट असा, की पत्र्यावर घण घालतायत म्हणा ना! कॅली नावाची काळी, सडसडीत कुत्री आत पालथी पडलीय. कानांवर मफ, हनुवटी टेकणीवर. भूल नाही, पट्टे नाहीत. मेंदुशास्त्रज्ञ ग्रेगरी बर्न्स यांची ही घरचीच कुत्री. घरी खोटी नळी उभारून, यंत्राचा आवाज ऐकवून ऐकवून तिला सवय लावलीय.

हाताची एक खूण झाली की सॉसेज, दुसरी झाली की काही नाही. पहिली खूण दिसताच तिच्या मेंदूतला कॉडेट हा भाग जागा होतो. आवडीचं काही मिळणार म्हटलं की तुमच्या मेंदूतही तोच जागा होतो.

एवढ्यावरून माया सिद्ध होत नाही. खाऊची आशा ती, पोळीच्या तुकड्यासाठी शेपूट हलवणारे आपण काय कमी पाहिलेत? पण २०१६ मध्ये बर्न्स यांच्याच गटाने १५ कुत्रे तपासले, आणि त्यांतल्या १३ जणांचा मेंदू शाबासकीला खाऊइतकाच, नाहीतर त्याहून जास्त खुलला. त्याआधीच, २०१३ मध्ये, बर्न्स यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये कुत्र्यांना मर्यादित व्यक्तित्वाचा दर्जा मागितला होता.

मला मेंदूच्या त्या चित्रांपेक्षा टेबलावरचा कागद मोठा वाटतो. लहान मुलांच्या संमतिपत्रावरून बेतलेला. सही पालकाची, पण कुत्र्याला वाटेल तेव्हा उठून जायची मोकळीक.

यंत्राला टेकून एक छोटी पायरी ठेवलीय. कॅली मान वळवून तिच्याकडे बघते. तुम्ही श्वास रोखता. ती हनुवटी पुन्हा टेकणीवर ठेवते.