आठ इंचांचा फरक

एक लाकडी पेटी. तिच्या समोरासमोरच्या दोन बाजू उघड्या, त्यांवर हरणाचं कातडं ताणून बसवलेलं आणि आत ठासून भरलेली कलेजी. सॅन फ्रान्सिस्कोतले शल्यविशारद डॉ. सॅक्स्टन पोप यांनी ही विचित्र पेटी शंभरेक वर्षांपूर्वी एका प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी बनवली. जनावराच्या अंगात कोणतं टोक जास्त खोल जातं, पोलादाचं की दगडाचं? धनुष्य ४० पौंड ताणाचं, अंतर १० यार्ड. पोलादी टोकाचा बाण पेटीच्या दर्शनी बाजूपासून २२ इंच आरपार गेला. ज्वालामुखीतून निघणाऱ्या ऑब्सिडियन या काळ्या काचेचं टोक लावलेला बाण मात्र ३० इंच गेला.

पोपना हा प्रश्न पडण्याचं कारण होतं त्यांचा एक शेजारी. २९ ऑगस्ट १९११ रोजी कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाबाहेर उपासमारीने खंगलेला एक माणूस सापडला. 'याही' नावाच्या जमातीतला तो शेवटचा जिवंत माणूस होता. बाकीचे गोऱ्या वसाहतवाल्यांच्या हत्याकांडांत आणि उपासमारीत संपले होते. स्वतःचं नाव त्याने कधीच कोणाला सांगितलं नाही. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला 'इशी' म्हणायला सुरुवात केली; त्याच्या भाषेत या शब्दाचा अर्थ नुसता 'माणूस'. विद्यापीठाच्या संग्रहालयातच त्याची राहायची सोय झाली आणि संग्रहालयाला लागूनच पोपचं वैद्यकीय महाविद्यालय होतं. डॉक्टर त्याच्या प्रकृतीची विचारपूस करायला गेले आणि धनुर्विद्येचे शिष्य होऊन परतले.

इशी रविवारी येणाऱ्या प्रेक्षकांसमोर बाणाची टोकं घडवून दाखवत असे. दगडाच्या कडेवर अणकुचीदार अवजार टेकवायचं, दाबायचं, की माशाच्या खवल्यासारखी एक पातळ टवकी उडते. पुन्हा दाबायचं, पुन्हा टवकी. ऑब्सिडियन नसेल तेव्हा बाटलीची काच त्याला तितकीच चाले. औषधाच्या आणि दारूच्या रंगीत बाटल्यांचे तुकडे त्याच्या हाताखाली सुबक टोकं होऊन बाहेर पडत. २५ मार्च १९१६ रोजी इशी क्षयाने गेला. पोपनी त्याच्या विद्येवर पुढे जे लिहिलं, ते अमेरिकेतल्या धनुष्यबाणाच्या शिकारीचं बीज ठरलं.

कलेजीच्या पेटीतल्या त्या आठ इंचांना जास्त महत्त्व देऊ नये. एका हौशी डॉक्टरने एका धनुष्याने केलेला तो प्रयोग. पण त्याच्या मागचं तत्त्व डॉक्टरला नेमकं कळलं होतं. बंदुकीची गोळी आघाताने मारते, बाण तसा मारत नाही. तो कापतो, आणि जनावर रक्तस्रावाने पडतं. बोथट पात्यापुढे रक्तवाहिनी रबरासारखी बाजूला सरकते; धारदार पात्यापुढे ती तुटते आणि रक्त लवकर साकळतही नाही. म्हणूनच मोठ्या जनावरासाठी लागणाऱ्या पसरट पात्याच्या टोकाला, शिकारी ज्याला 'ब्रॉडहेड' म्हणतात त्याला, टोक असून भागत नाही. त्याला धार लागते.

इथेच निवडीची सगळी भांडणं सुरू होतात. पातं जितकं रुंद, तितकी जखम मोठी. पण तितकाच विरोधही जास्त आणि बाण कमी खोल जाणार. अरुंद पातं आरपार जाईल, पण जखम चिंचोळी राहील. धनुष्याची ताकद ठरलेली असते. तेवढ्याच ताकदीत खोली आणि रुंदी दोन्ही कशा मिळवायच्या, हे कोडं ज्याने त्याने आपल्या काळात आपल्या परीने सोडवलं.

भारतीय धनुर्वेदाने ते टोकांचे प्रकार वाढवून सोडवलं. चौदाव्या शतकातल्या शार्ङ्गधरपद्धतीत बाणाच्या फळांची नावं एकापाठोपाठ येतात: आरामुख, क्षुरप्र, गोपुच्छ, अर्धचंद्र, सूचीमुख, भल्ल, वत्सदंत, काकतुंड. नावातच काम सांगितलेलं. आरामुख चांभाराच्या आरीसारखं भोसकणारं, क्षुरप्र वस्तऱ्यासारखं कापणारं. यादीत 'कर्णिक'ही आहे. मागे वळलेल्या कानांचं हे टोक आत जातं, पण बाहेर येताना मांस ओरबाडतं. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात युद्धात वापरू नयेत अशा शस्त्रांमध्ये विषारी आणि पेटत्या बाणांच्या पंगतीला हाच कर्णी बाण बसवलेला आहे. तो काढायचा कसा, ही सुश्रुताच्या शल्यतंत्रातली डोकेदुखी होती: आला त्या वाटेने मागे ओढायचा, की पुढे ढकलून दुसऱ्या बाजूने बाहेर काढायचा?

मध्ययुगीन युरोपने मात्र सरळ दोन वाटण्या केल्या. चिलखतासाठी बारीक, चौकोनी, सुईसारखं टोक. हरणासाठी आणि रानडुकरासाठी पसरट, मागे झुकलेल्या पंखांचं. गास्तों फेब्यूस या फ्रेंच सरदाराने १३८७ मध्ये लिहायला घेतलेल्या शिकारग्रंथाच्या सचित्र हस्तलिखितात धनुर्धारी शिकारी दिसतात. त्याला स्वतःला मात्र कुत्र्यांच्या शिकारीचं वेड. धनुष्याबद्दल अधिक जाणून घ्यायचं असेल तर इंग्लंडला जा, असं सांगून तो मोकळा होतो.

ही वाटणी बरोबर होती का, तेही पोपनी तपासलं. संग्रहालयातलं एक जुनं साखळी-चिलखत त्यांनी मिळवलं. तिथल्या एका कर्मचाऱ्याचा चिलखतावर इतका विश्वास की तो ते अंगात घालून समोर उभा राहायला तयार झाला. डॉक्टरांनी नम्रपणे नकार दिला आणि चिलखत लाकडी पेटीवर चढवलं. सात यार्डांवरून सुईसारख्या टोकाचा बाण सुटला, ठिणग्या उडाल्या आणि चिलखतासकट पेटी भेदली गेली. कर्मचाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला, असं पोपनी लिहून ठेवलं आहे.

खरं तर अमेरिकेत या शिकारीची हौस पोपच्याही आधीची. यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेकडच्या सैन्यातले मॉरिस आणि विल थॉम्पसन हे भाऊ फ्लोरिडाच्या दलदलीत धनुष्य घेऊन भटकले होते आणि १८७८ मध्ये मॉरिसचं 'द विचरी ऑफ आर्चरी' हे पुस्तक निघाल्यावर देशभर धनुर्विद्येची लाट आली. पण ती लाट मुख्यतः हिरवळीवरच्या लक्ष्यवेधाची. पोप आणि त्यांचा मित्र आर्ट यंग यांनी हे प्रकरण अस्वलापर्यंत नेलं. १९२० मध्ये कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या संग्रहासाठी परवाना काढून दोघे यलोस्टोनमध्ये गेले आणि पोलादी पात्यांच्या बाणांनी त्यांनी ग्रिझली अस्वलं मारली. ऑब्सिडियन आठ इंच सरस ठरलं होतं खरं, पण अस्वलाच्या बरगडीवर काच फुटते आणि पोलाद टिकतं. पोपनी पोलाद निवडलं. प्रयोगशाळेतला विजेता रानात हरला, असा हा मामला. १९२३ मध्ये त्यांचं 'हंटिंग विथ द बो अँड ॲरो' आलं आणि तीनच वर्षांनी, १९२६ मध्ये, पोप वारले.

त्यांच्यानंतरच्या पिढीत अलाबामाचा हॉवर्ड हिल हे मोठं नाव. 'रॉबिन हूड'च्या १९३८ च्या चित्रपटातले अचूक बाण त्याच्या हातचे, एरॉल फ्लिनच्या नव्हेत. हिल भारी ताणाची लांब धनुष्यं वापरायचा आणि टोकाबाबत त्याचा हट्ट ठाम होता: दोनच पाती आणि रुंदीच्या तिप्पट लांबी. निमुळत्या पाचरीसारखं हे पातं कमी जोरात जास्त आत जातं. आफ्रिकेत त्याने या बाणांनी हत्तीही मारले. आजच्या वाचकाला त्यात शौर्यापेक्षा क्रौर्य जास्त दिसेल, आणि ते स्वाभाविक आहे. पण तीनास एक हे प्रमाण शिकाऱ्यांच्या तोंडी तेव्हापासून आजतागायत आहे.

दरम्यान कायदाही बदलत होता. १९३४ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने हरणांच्या शिकारीसाठी केवळ धनुर्धाऱ्यांचा हंगाम ठेवला. मिशिगनने १९३७ मध्ये. हंगाम आला तसा बाजारही आला. तोवर टोकं घरच्या भट्टीत, कानशीने घासून तयार व्हायची. आता ती डब्यात मिळू लागली.

त्या बाजारातला सगळ्यात चतुर माणूस फ्रेड बेअर. आडनावाचा अर्थच अस्वल, हा योगायोग त्याला जन्मभर पुरला. १९३३ मध्ये डेट्रॉइटमध्ये सुरू केलेला धंदा त्याने पुढे मिशिगनमधल्याच ग्रेलिंग या लहान गावी नेला आणि १९५६ मध्ये 'रेझरहेड' बाजारात आणलं. मुख्य पातं जाड, दुधारी, हिलच्या वळणाचं. मधोमध एक खाच, आणि त्या खाचेत आडवं सरकवायचं वस्तऱ्याच्या पात्यासारखं पातळ दुसरं पातं. जाड पातं हाड फोडणार, पातळ पातं जखम चौफुलीसारखी करणार. हाडावर आदळून पातळ पातं मोडलं तरी मुख्य पात्याचं काही बिघडत नव्हतं. खोली आणि रुंदीच्या भांडणात इतका साधा समझोता आधी कोणाला सुचला नव्हता. बेअर स्वतःच आपल्या मालाची जाहिरात होता: कॅमेरेवाल्याला बरोबर घेऊन तो अलास्कात गेला, आर्क्टिकमध्ये गेला, १९६० च्या दशकात वाघासाठी भारतातही येऊन गेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो दरवाजा बंद केला.

मग धनुष्यच बदललं आणि सगळी गणितं पुन्हा मांडावी लागली. मिसुरीतल्या हॉलेस विल्बर ॲलनने धनुष्याच्या टोकांना चाकं बसवली. १९६६ मध्ये अर्ज केलेलं पेटंट त्याला १९६९ मध्ये मिळालं. या 'कंपाउंड' धनुष्याचा बाण भलताच वेगाने सुटू लागला; आज तो वेग सेकंदाला ३०० फुटांच्या घरात आहे. वेग वाढताच रुंद पात्याचं पितळ उघडं पडलं. इतक्या वेगात ते विमानाच्या पंखासारखं हवा कापतं आणि मागची पिसं बाणाला सरळ ठेवायच्या आत पुढचं पातं त्याला भलतीकडे नेतं. शिवाय लाकडी काठीच्या जागी डग ईस्टनच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या आल्या होत्या. लाकडाला टोक राळेसारख्या गरम चिकट द्रव्याने डकवत; नळीत आता आटे बसले आणि टोक स्क्रूसारखं फिरवून लावता येऊ लागलं.

स्क्रू आला तसा शिकाऱ्याचा एक जुना धंदा बसला: धार लावण्याचा. तीन-चार आखूड, जाळीदार, बदलता येणारी पाती असलेली टोकं १९७० च्या दशकात दुकानांत आली. पातं बोथटलं की फेकायचं, नवं सरकवायचं. वजनही ठरून गेलं, १०० किंवा १२५ ग्रेन, म्हणजे साडेसहा किंवा आठ ग्रॅम. त्यानंतर आली मिटणारी टोकं. हवेत पाती छत्रीसारखी मिटलेली, त्यामुळे बाण सरळ जातो. कातड्याला भिडताच ती उघडतात आणि दोन इंचांची जखम करतात. विक्रेत्याच्या दृष्टीने कोडं सुटलं. पण पाती उघडण्यात बाणाचा जोर खर्च होतो, तिरक्या लागलेल्या बाणाची पाती नीट उघडतील याचा भरवसा नसतो आणि खांद्याच्या हाडावर ती मोडतात. काही राज्यांनी मोठ्या जनावरांच्या शिकारीत त्यांच्यावर कित्येक वर्षं बंदी घातली होती.

या चकचकीत मालाला विरोध आला तो आफ्रिकेतून. तिथल्या नाताळ प्रांतात १९८० च्या दशकात डॉ. एड ॲश्बी नावाचा अमेरिकन माणूस वेगवेगळ्या टोकांचे बाण मोठ्या जनावरांवर मारून प्रत्येक बाण किती आत गेला, कुठे अडला, याच्या नोंदी ठेवत होता. त्याचा निष्कर्ष धंद्याला न रुचणारा होता. भारी बाण, वजन पुढच्या टोकाकडे, दोनच पाती, रुंदीच्या तिप्पट लांबी. म्हणजे हॉवर्ड हिलचंच म्हणणं, फक्त एका भरीसह: प्रत्येक पात्याला धार एकाच अंगाने द्यायची, पटाशीसारखी. असं पातं आत शिरताना फिरतं आणि हाडाला पीळ देऊन ते फोडतं. आज ॲश्बीला मानणारे आणि मिटत्या टोकांवर भिस्त ठेवणारे असे दोन तट आहेत, आणि दोघांनाही हरणं मिळतात.

नियम मात्र या भांडणापासून अलिप्त राहून आपलं मोजमाप ठरवतात. अनेक राज्यांत टोकाची रुंदी किमान सात-अष्टमांश इंच हवी. मागे वळलेल्या कानांची टोकं अनेक ठिकाणी निषिद्ध आहेत, कारण जखमी होऊन निसटलेल्या जनावराच्या अंगातून ती बाहेर पडत नाहीत. मनूचा कर्णी बाण इथे वेगळ्याच वाटेने पुन्हा भेटतो. आणि पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यात एके काळी पात्याची धार पोलादाचीच लागे. त्यामुळे बाटलीची काच टवकत बसणारे हौशी लोक अमेरिकेत पुष्कळ असले, तरी पोपच्या पेटीत पोलादाला आठ इंचांनी मागे टाकणारं इशीचं टोक तेव्हा तिथल्या रानात हरणावर चालवता येत नव्हतं.