ग्राफिक्स कार्डाद्वारे कूटचलन खनन

ग्राफिक्स कार्डाद्वारे कूटचलन खनन (प्रचलित नाव: जीपीयू मायनिंग) म्हणजे संगणकातील ग्राफिक्स कार्डाची गणनक्षमता वापरून कूटचलनाच्या व्यवहारांची पडताळणी करणे व त्याबदल्यात नवे चलन मिळवणे होय. इथेरियम या चलनामुळे २०१५ ते २०२२ या काळात ही पद्धत जगभर रूढ झाली. कोणते कार्ड घ्यावे, यावर या व्यवसायातील नफा-तोटा मोठ्या प्रमाणात अवलंबून असे.

पार्श्वभूमी

बिटकॉइनचे खनन प्रारंभी संगणकाच्या मुख्य प्रक्रियकावर आणि नंतर ग्राफिक्स कार्डांवर होत असे. २०१३ पासून केवळ याच कामासाठी बनवलेली एसिक यंत्रे बाजारात आली आणि बिटकॉइनपुरती ग्राफिक्स कार्डे निरुपयोगी ठरली. जुलै २०१५ मध्ये सुरू झालेल्या इथेरियमची इथॅश ही गणनपद्धती मात्र स्मृतीवर (मेमरी) भर देणारी होती. त्यामुळे तेथे सामान्य ग्राफिक्स कार्ड दीर्घकाळ उपयुक्त राहिले.

निवडीचे निकष

स्मृतीची क्षमता : इथॅशसाठी डॅग नावाची एक मोठी माहितीधारिका कार्डाच्या स्मृतीत ठेवावी लागे. तिचा आकार आरंभी १ जीबी होता व दर ३०,००० ठोकळ्यांनंतर (ब्लॉक) सुमारे ८ एमबीने वाढत असे. २०२० च्या अखेरीस तो ४ जीबीच्या घरात गेला आणि ४ जीबीची कार्डे इथेरियमसाठी बाद झाली. एरवी सुस्थितीत असलेले कार्डही केवळ या कारणाने निकामी ठरू शकत असल्याने ८ जीबीच्या कार्डांना पसंती मिळाली.

स्मृतीचा वेग : हॅशदर हा प्रक्रियकापेक्षा स्मृतीच्या वेगावर अधिक अवलंबून असे. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० टीआय व आरटीएक्स ३०७० या दोन्ही कार्डांचा स्मृतिवेग सेकंदाला ४४८ जीबी आहे. परिणामी दोहोंचा हॅशदर जवळपास सारखा, म्हणजे सेकंदाला सुमारे ६० मेगाहॅश होता. अधिकृत किंमत मात्र अनुक्रमे ३९९ व ४९९ डॉलर होती. खेळांसाठी सरस असलेले कार्ड खननासाठीही सरस असेलच असे नाही, हे यावरून स्पष्ट होते.

वीजवापर : यंत्र अहोरात्र चालत असल्याने प्रतिवॅट मिळणारा हॅशदर हा निर्णायक निकष असतो. १२० वॅट वापरणारे एक कार्ड ३० दिवसांत ८६.४ युनिट वीज खर्च करते. प्रतियुनिट ८ रुपये दर धरल्यास हा खर्च सुमारे ६९१ रुपये होतो. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर वापराच्या टप्प्यांनुसार चढत असल्याने अनेक कार्डे एकत्र चालवल्यास प्रत्यक्ष खर्च याहून अधिक येऊ शकतो. प्रक्रियकाचा व्होल्टेज कमी करून व स्मृतीची गती वाढवून वीज वाचवण्याची प्रथा आहे.

शीतकरण : सततच्या उष्णतेने पंखे झिजतात व उष्णतावाहक लेप सुकतो. म्हणून खननात वापरलेले जुने कार्ड विकत घेताना पंखे व स्मृतीचे तापमान तपासणे आवश्यक ठरते.

तुटवडा व निर्बंध

२०२१ मध्ये मागणी इतकी वाढली की खेळाडू, विद्यार्थी व चित्रफीत-संपादक यांना मूळ किमतीत कार्डे मिळेनाशी झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या आरटीएक्स ३०६० या कार्डात एनव्हिडियाने इथेरियमचा हॅशदर निम्म्यावर आणणारी मर्यादा घातली. पुढे अशा कार्डांना ‘एलएचआर’ असे नाव मिळाले. खननासाठी कंपनीने सीएमपी ही वेगळी मालिका काढली. या कार्डांना पडदा जोडण्याची सोय नसल्याने खनन थांबल्यावर त्यांना फारसे पुनर्विक्रीमूल्य उरले नाही.

इथेरियममधील खननाचा शेवट

१५ सप्टेंबर २०२२ रोजी ‘द मर्ज’ या बदलाने इथेरियमने खनन पूर्णपणे बंद केले. त्यानंतर अनेक खननकर्ते इथेरियम क्लासिक, रेव्हनकॉइन यांसारख्या चलनांकडे वळले. परंतु तेथील मोबदला मर्यादित असल्याने बहुतेकांना वीजखर्चही परवडेना व जुनी कार्डे मोठ्या संख्येने बाजारात आली. कार्डाची किंमत किती महिन्यांत वसूल होईल, याचे गणित चलनाचा भाव व नियम स्थिर राहतील या गृहीतकावर आधारलेले असते. या घटनेने ते गृहीतक फोल ठरवले.

भारतातील कर

१ एप्रिल २०२२ पासून भारतात आभासी डिजिटल मालमत्तेच्या हस्तांतरणातून होणाऱ्या उत्पन्नावर ३० टक्के कर लागू झाला. खननासाठी उभारलेल्या यंत्रसामग्रीचा खर्च संपादनखर्च म्हणून वजा करता येत नाही. त्यामुळे कार्डाची किंमत वसूल होण्याचा काळ भारतात आणखी लांबतो.

हे सुद्धा पहा

- कूटचलन
- बिटकॉइन
- इथेरियम
- ग्राफिक्स कार्ड