भंडाऱ्याच्या वाचनालयाची गोष्ट : कायदा शंभर वर्षे उशिरा का आला?

१/ छोट्या शहरातील सार्वजनिक वाचनालयाचा इतिहास सहसा स्थापनेच्या सालापासून सांगितला जातो. भंडारा, तुमसर, पवनी या गावांच्या बाबतीत मात्र तो प्रांताच्या सीमारेषेपासून सांगावा लागतो.

२/ १८६१ साली ब्रिटिशांनी मध्य प्रांत निर्माण केला. नागपूर, वर्धा, चांदा आणि भंडारा हे त्यातील मराठी जिल्हे; उरलेला बहुतेक प्रांत हिंदी. वैनगंगेकाठच्या वाचकाची ग्रंथभाषा पुण्या-मुंबईची, सरकार मात्र निराळे. पुढचे सारे या एका विसंगतीतून घडले.

३/ मुंबई इलाख्यात वाचनालये लवकर उभी राहिली : रत्नागिरी १८२८, नाशिक १८४०, पुणे १८४८. साहेबांचा आश्रय आणि सभासदांची वर्गणी यांवर ती चालत. वर्गणी न परवडणारा दाराबाहेरच राही, तेव्हा ‘सार्वजनिक’ हा शब्द तेथे जपूनच वाचावा.

४/ खरा फरक पडला तो १९३९ नंतर. मुंबई सरकारने आसफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने मध्यवर्ती ग्रंथालयापासून विभाग, जिल्हा, तालुका आणि थेट खेड्यापर्यंत उतरणारी साखळी सुचवली. १९४७ पासून तिची अंमलबजावणी सुरू झाली. पुणे, अहमदाबाद आणि धारवाड ही तिची विभागीय केंद्रे.

५/ धारवाडचा कन्नड वाचक या योजनेत होता. भंडाऱ्याचा मराठी वाचक नव्हता! अनुदान भाषा पाहून नव्हे, प्रांत पाहून मिळत होते.

६/ संस्थानांनीही आघाडी घेतली. बडोद्यात सयाजीरावांनी १९१० पासून मोफत ग्रंथालयांचे जाळे विणले. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालय कायदाच केला. हैदराबाद राज्याचा कायदा १९५५ चा. त्याच्या कक्षेत मराठवाडा आला.

७/ १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. मराठवाडा आपला कायदा घेऊन आला; कोल्हापूर त्याआधीच आपल्या कायद्यासह मुंबई राज्यात आले होते. भंडाऱ्यामागे असा कोणताच कायदा नव्हता. गावोगावची वाचनालये लोकांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर तगायची.

८/ ही तफावत महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ ने मिटवली. १ मे १९६८ पासून तो लागू झाला, आणि कोल्हापूर व हैदराबादचे जुने कायदे रद्द झाले. रत्नागिरीच्या वाचनालयाला तोवर १४० वर्षे झाली होती.

९/ मात्र येथे एक मोठी निवड झाली, तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. मद्रासच्या १९४८ च्या कायद्यात ग्रंथालय उपकर होता, म्हणजे गावच्या करातूनच गावच्या ग्रंथालयाचा निधी. महाराष्ट्राने उपकर टाळला. वाचनालये लोकांच्या संस्थांकडेच राहिली आणि सरकार अनुदान देणार असे ठरले. स्वायत्तता टिकली, हे खरेच. पण कर भरणाऱ्या नागरिकाला वाचनालय हक्काने मागता येईल, ही वाट बंद झाली. हा सौदा छोट्या गावांना महाग पडला.

१०/ कारण अनुदान वर्गवारीवर ठरते : अ, ब, क, ड. ग्रंथ आणि सभासद कमी, तर वर्ग खालचा; वर्ग खालचा, तर पैसा कमी; पैसा कमी, तर नवे ग्रंथ येणार कोठून? ड वर्गातून वर चढणे म्हणूनच अवघड. ग्रंथपालाचे तुटपुंजे मानधनही याच अनुदानातून निघते.

११/ १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. सीमा पुन्हा एकदा बदलली. या खेपेस मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना कायदा एकच होता.