भेंडवळचा घट, घरचा संगणक आणि वऱ्हाडातील पावसाचे भाकीत

१/ पंचांगानुसार चैत्र-वैशाख म्हणजे वसंत ऋतू. अकोल्या-अमरावतीत मात्र याच वसंतात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो आणि प्रत्येक शेतकऱ्याच्या मनात एकच प्रश्न असतो : यंदा पाऊस कसा? ऐतिहासिक वऱ्हाडचाच भाग असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे या प्रश्नाचे उत्तर अक्षय्य तृतीयेला मांडले जाते. इतिहासाच्या अभ्यासकाने या घटमांडणीकडे कसे पाहावे, हा आजच्या थ्रेडचा विषय.

२/ सायंकाळी गावाबाहेरच्या शेतात मोठे वर्तुळ आखून त्याच्या कडेने अठरा प्रकारची धान्ये ठेवतात. मधोमध खड्डा असतो. त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याने भरलेली घागर आणि घागरीवर पापड, कुरडई, भजी, पुरी, करंजी. पुरी म्हणजे पृथ्वी, करंजी म्हणजे तिजोरी, विडा म्हणजे राजा. रात्रभर तेथे कोणी थांबत नाही. पहाटे ढेकळांची ओल आणि धान्यांची हालचाल पाहून भाकीत सांगितले जाते. चंद्रभान महाराज वाघ यांनी ही प्रथा सुरू केली आणि ती तीन शतकांहून जुनी आहे, अशी परंपरेची धारणा आहे.

३/ आता कार्यकारणभाव पाहू. पापड हवेतील दमटपणा शोषतो व मऊ पडतो, हे प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. म्हणजे घागरीवरचा पापड एका अर्थाने आर्द्रतामापकच. पण तो सांगतो ती त्या एका रात्रीची हवा. धान्याचे दाणे वारा, मुंग्या आणि पाखरेही हलवतात. आषाढातील पावसाशी या खुणांचा धागा जोडतो तो माणूस.

४/ यावर हसण्यापूर्वी आपल्याच घरातील संगणक आठवावा. तो मंदावला की उजवी कळ दाबून तीन-चार वेळा ‘रिफ्रेश’ करण्याचा विधी आपल्या पिढीने निष्ठेने पाळला. त्याने पडद्यावरील चित्रे पुन्हा रेखाटली जातात, इतकेच; वेग वाढत नाही. पण रॅमची पट्टी काढून तिची टोके खोडरबराने घासण्याचा तोडगा अनेकदा खरोखर चालतो, कारण धातूवरचा मळ निघून जोड पुन्हा नीट बसतो. ‘बंद करून चालू करा’ हेही बहुधा लागू पडते, कारण अडकलेली कामे स्मृतीतून पुसली जातात.

५/ ज्या यंत्राच्या पोटात आपल्याला डोकावता येत नाही, त्याभोवती खुणा आणि तोडगे जमतात. काहींच्या मागे कारण असते, काहींच्या मागे केवळ धीर. संगणकाच्या बाबतीत हे खरे असेल, तर आभाळाच्या बाबतीत वेगळे का असावे?

६/ शास्त्रालाही हे आभाळ सहज उघडता आले नाही. भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले. हेन्री ब्लॅनफोर्ड यांनी हिमालयातील बर्फ आणि मोसमी पाऊस यांचा संबंध जोडला आणि १८८६ पासून नियमित मोसमी अंदाज निघू लागले. १८९९ मध्ये चांगल्या पावसाचा अंदाज साफ फसला. त्यानंतरच्या भीषण दुष्काळात वऱ्हाडही होरपळला. अंदाज सरकारी असला म्हणून चुकीची किंमत कमी झाली नाही.

७/ पुढे संगणक आला आणि एका किरकोळ वाटणाऱ्या बिघाडाने मोठे सत्य उघड केले. १९६१ मध्ये अमेरिकेतील एमआयटीत एडवर्ड लॉरेन्झ हवामानाचे एक सोपे गणित संगणकावर पुन्हा चालवत होते. त्यांनी ०.५०६१२७ ऐवजी छापील कागदावरचा ०.५०६ हा आकडा भरला. थोड्या वेळाने उत्तर पूर्णपणे भलतीकडे गेले. आधी त्यांना वाटले, यंत्राची एखादी नळी गेली असावी. यंत्र शाबूत होते. आरंभीचा अत्यल्प फरकच वाढत गेला होता.

८/ म्हणून वैशाखात बसून ‘अकोल्यात अमुक दिवशी पाऊस पडेल’ असे घटाला सांगता येत नाही आणि महासंगणकालाही नाही. १९८९ मध्ये मोसमी अंदाजासाठी दिल्लीत आणलेला क्रे असो वा २०१८ मध्ये पुण्यात सुरू झालेला ‘प्रत्यूष’, संपूर्ण ऋतूबद्दल ते देतात ती शक्यता. भाकीत आणि अंदाज यांतील भेद हाच : अंदाज आपल्या चुकीची मर्यादा सोबत सांगतो आणि दरवर्षी तपासला जातो.

९/ हा भेद केवळ शब्दांचा नाही. पहिल्या सरीवर विसंबून पेरले आणि नंतर पावसाने ताण दिला, तर दुबार पेरणी ओढवते : बियाणे पुन्हा, उसनवारी पुन्हा. ‘७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका’ हा कृषी खात्याचा सल्ला भाकितापेक्षा रुक्ष आहे. पण तो जमिनीतल्या ओलीवर उभा आहे.

१०/ मग घट निरुपयोगी ठरतो का? भविष्याचे साधन म्हणून त्यावर विसंबू नये. भूतकाळाचे साधन म्हणून मात्र तो अमूल्य आहे. त्यात भादली, जवस, अंबाडी, करडी आहेत. गेल्या काही दशकांत सोयाबीन वऱ्हाडभर पसरले आणि ही पिके शिवारातून आक्रसली. घटात त्यांची जागा अजून राखलेली आहे. पुरीशेजारी करंजी आणि विडा आहेत, म्हणजे पावसासोबत तिजोरी आणि राजाचीही चिंता आहे. आपले पूर्वज काय पेरत होते आणि कशाला भीत होते, याची ही दरवर्षी नव्याने लिहिली जाणारी नोंद आहे.

११/ तेव्हा पुढच्या अक्षय्य तृतीयेला भेंडवळला जरूर जा. पावसाचे काय म्हणतात ते ऐका. पण वहीत धान्यांची नावे आधी उतरवा. पेरणीचा दिवस मात्र मातीतली ओल पाहूनच ठरू द्या.

(समाप्त)