इस्लामी इतिहासाचे कोश, जंत्र्या व आमची एक चूक

मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यास करणारास आदिलशाही, निजामशाही व मोंगली दफ्तरांतील फारसी कागदांवांचून पाऊल पुढें टाकतां येत नाहीं; आणि ते कागद समजण्यास इस्लामी संस्थांचें व कालगणनेचें ज्ञान अवश्य आहे. हें ज्ञान देणारे संदर्भग्रंथ विपुल आहेत. उणीव आहे ती ते कसे उघडावे हें सांगणाराची. आमचें शिक्षण संस्कृताचें, फारसी आम्ही तिशीनंतर कोशाच्या आधारें शिकलों. वाटेंत ज्या ठेंचा लागल्या त्या येथें नमूद करितों.

लायडेन येथील इस्लामचा ज्ञानकोश हा या विषयांतील मुख्य ग्रंथ. त्याची पहिली आवृत्ति १९१३ ते १९३६ या काळांत इंग्रजी, फ्रेंच व जर्मन भाषांत निघाली. दुसरी २००५ सालीं पुरी झाली. तिसरी २००७ पासून निघूं लागली. दुसऱ्या आवृत्तींत नमाजाची मुख्य माहिती ‘सलात’ या अरबी नांवाखालीं आहे. शिवाय ‘ज’ हा वर्ण तेथें ‘डी’ व ‘जे’ या रोमन अक्षरांच्या जोडीनें लिहिला असल्यामुळें जिझियाचा लेख ‘डी’च्या पोटांत सांपडतो. आम्ही अर्धा दिवस ‘जे’ चाळून, एवढ्या मोठ्या कोशांत जिझियाच नाहीं असें ठरवून घरीं आलों होतों! तिसऱ्या आवृत्तींत ही जोडी काढून टाकली आहे.

संस्कृतज्ञास अरबी कोशांची रचना मात्र परकी वाटूं नये. किताब, कातिब, मक्तब हे शब्द त्यांत बहुधा क-त-ब या एकाच धातूखालीं मिळतात. फारसीसाठीं माधवराव पटवर्धनांचा १९२५ सालचा फारसी-मराठी कोश आपणांस सर्वांत जवळचा.

खरी अडचण जंत्रीची. जर्मन पंडित व्युस्टेनफेल्ड यांचीं १८५४ सालचीं कोष्टकें व त्यांच्या आधारें झालेल्या जंत्र्या हिजरी वर्षाच्या आरंभाची इसवी तारीख देतात. परंतु १५८२ नंतरच्या तारखा त्यांत नव्या, म्हणजे ग्रेगरी पद्धतीच्या आहेत. इंग्रज १७५२ पर्यंत जुनी पद्धत पाळीत, आणि सतराव्या शतकांत दोहोंमध्यें १० दिवसांचें अंतर होतें. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही रूढ तारीख जुन्या पद्धतीची. नव्या पद्धतीनें तोच शनिवार १६ जून होय.

हें अंतर आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं, लक्षांत राहिलें नाहीं. तीस वर्षांपूर्वी एका निबंधांत आम्ही सतराव्या शतकांतील एक फारसी हुकूम तपासला. त्याची हिजरी तारीख जंत्रीवरून फिरविली, ती इंग्रज वखारीच्या पत्राशेजारीं मांडली, तों हुकुमाप्रमाणें काम आधीं झालेलें व हुकूम मागाहून सुटलेला! आम्ही तो बनावट ठरविला, व ज्या घराण्यानें तो पिढ्यान्‌पिढ्या जपला त्या घराण्यावर नकळत खोटेपणाचा आळ घातला. वस्तुतः १० दिवस वजा करतांच हुकूम कामाच्या चार दिवस आधींचा ठरतो.

हुकुमांत वारही दिलेला होता. आम्हीं काढलेली तारीख इंग्रजांच्या जुन्या पद्धतीची मानून वार काढला असता तर तो तीन दिवसांनीं चुकला असता व डोळे उघडले असते. एका दिवसाचा फरक मात्र पुष्कळदां निर्दोष असतो. जंत्रींतील महिना गणिताचा, लोकांचा महिना चंद्रदर्शनाचा. आणि हिजरी दिवस सूर्यास्तापासून मोजला जात असल्यामुळें ‘शब-ए-जुमा’, म्हणजे शुक्रवारची रात्र, ही आपल्या गुरुवारची रात्र असते. एवढ्यावरून कोणत्याहि कागदास खोटें म्हणूं नये.

चूक कळतांच आम्हीं दुरुस्ती छापविली. परंतु आमच्या मूळ निबंधाचा हवाला देणारे दोन ग्रंथ आमच्या पाहण्यांत आहेत, व त्यांत तो हुकूम अद्याप बनावटच आहे.